सत्कार कशाबद्दल? स्टेला यंग, ठिसूळ हाडं आणि सहा पायऱ्या

काही वर्षांपूर्वी एका गुणगौरव समारंभाला गेलो होतो. दहावीला चांगले गुण मिळवलेल्या मुलांचे सत्कार होते, त्यात व्हीलचेअरवरची एक मुलगी होती. व्यासपीठाला सहा पायऱ्या, रॅम्प नाही. नाव पुकारलं तसे चार कार्यकर्ते पुढे झाले. दोघांनी पुढून खुर्ची धरली, दोघांनी मागून, आणि ‘हळू, हळू’ करत तिला खुर्चीसकट वर नेलं. चौथ्या पायरीवर खुर्ची तिरपी झाली, तेव्हा तिने एका हाताने ओढणी आणि दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदक माइकवर म्हणाला, “या जिद्दीला सलाम!” मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. शाल, श्रीफळ, फोटो झाले. तिला खाली आणायची वेळ आली तेव्हा चौघांपैकी दोघे चहाला गेले होते, म्हणून पुढचे तीन सत्कार होईपर्यंत ती व्यासपीठाच्या कडेलाच बसून राहिली.

त्या दिवशी मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. वाटलं ते पुढे, स्टेला यंग या ऑस्ट्रेलियन बाईचं नऊ-दहा मिनिटांचं भाषण ऐकलं तेव्हा. तिला जन्मापासून हाडांचा एक दुर्मीळ आजार होता, ती आयुष्यभर व्हीलचेअर वापरायची आणि वयाच्या ३२व्या वर्षी गेली. पण ‘आजाराशी झुंज’ या मथळ्याखाली तिची गोष्ट सांगितली तर तिचंच म्हणणं खोटं पाडल्यासारखं होईल. म्हणून आधी आजार समजून घेऊ, मग तिचं म्हणणं. दोन्ही वाटतात त्यापेक्षा जास्त गुंतागुंतीचे आहेत.

सळई आणि सिमेंट

आजाराचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. डॉक्टर बोलताना ‘ओआय’ म्हणतात, सर्वसामान्य भाषेत ‘ठिसूळ हाडांचा आजार’. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम, अशी आपली समजूत असते. दुधाच्या जाहिरातींनी ती पक्की केली आहे. प्रत्यक्षात हाड हे आरसीसीच्या बांधकामासारखं असतं. कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार म्हणजे सिमेंट, त्याने कडकपणा येतो. पण नुसतं सिमेंट ठोकलं की तडकतं. त्याला ताण सोसायला आत सळया लागतात, आणि हाडातली सळई म्हणजे कोलॅजन नावाचं प्रथिन. ओआयमध्ये बिघाड असतो तो बहुधा सळईत. म्हणून अशा मुलाला कितीही दूध पाजा, नाचणी खाऊ घाला, मूळ दोष जात नाही.

ही सळई म्हणजे तीन पेडांची घट्ट वेणी असते. प्रत्येक पेड हा हजाराहून जास्त मण्यांच्या माळेसारखा, आणि त्यातला दर तिसरा मणी ग्लायसिनचा. ग्लायसिन हे सगळ्यात छोटं अमिनो आम्ल. वेणीच्या गाभ्यात जागा इतकी कमी की तिथे तोच एक मणी मावतो. जनुकात एका अक्षराची चूक झाली आणि ग्लायसिनच्या जागी दुसरा, मोठा मणी आला, की तिथे वेणी फुगते आणि नीट वळली जात नाही. हजारात एक मणी चुकतो आणि मांडीचं हाड कूस बदलताना मोडू शकतं.

यातली पुढची गंमत मला फार विलक्षण वाटते. गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. आपल्याकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. समजा एक प्रत पूर्ण बंदच पडली, काही बनवतच नाही. मग कोलॅजन निम्मं बनतं, पण जे बनतं ते चांगलं. असा आजार सहसा सौम्य असतो. आता समजा ती प्रत बंद न पडता चुकीचे पेड बनवत राहिली. वेणीतले तीनपैकी दोन पेड एकाच जनुकाचे असतात, तिसरा दुसऱ्या जनुकाचा; चूक त्या दोन पेडांच्या जनुकात आहे असं धरू. दोन्ही चांगले येण्याची शक्यता निम्म्यातली निम्मी, म्हणजे चारात एक. चारातल्या तीन वेण्या बिघडतात! कामगार गैरहजर राहिला तर काम अर्धं होतं, हजर राहून चुकीचं करत राहिला तर पाऊण काम वाया जातं, तसं. ओआयचे गंभीर प्रकार बहुतेक या दुसऱ्या जातीचे.

हे दोन जनुक म्हणजे सीओएल१ए१ आणि सीओएल१ए२. बहुसंख्य रुग्णांमध्ये दोष यांच्यापैकी एकात सापडतो. पुष्कळदा आई-वडील दोघंही निरोगी असतात; चूक त्या बाळापासूनच सुरू झालेली असते. हे मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे असं बाळ जन्मलं की बाईने ग्रहणात विळी हातात घेतली होती का, याची चौकशी आधी होते.

आजाराचे प्रकार पाडून दाखवले ते डेव्हिड सिलेन्स या वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, १९७९ साली. त्यांनी त्यासाठी ज्या रुग्णांचा अभ्यास केला ते ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातले होते. त्याच राज्यात तीन वर्षांनी स्टेला जन्मली. पहिला प्रकार सौम्य, दुसरा इतका तीव्र की बाळ बहुधा जगत नाही, तिसऱ्यात हाडं वाकत जातात आणि उंची खुंटते, चौथा मधला. आता जनुकं आणखी बरीच सापडली आहेत, यादी वाढली आहे, पण दवाखान्यात आजही बोलणं या चार आकड्यांत होतं. कुणाच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक असते, कुणाचे दात झिजतात, कुणाला तरुणपणीच ऐकू कमी येऊ लागतं, कुणाचा पाठीचा कणा वाकतो.

आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. हाडाची झीज मंदावणारी औषधं सलाइनमधून देतात. लांब हाडांत धातूच्या दांड्या बसवतात. त्यातली एक जात छत्रीच्या दांड्यासारखी, एकात एक सरकणारी असते, मूल वाढेल तशी ती लांबते. आणि व्यायाम, विशेषतः पाण्यात. कारण मोडलं म्हणून प्लॅस्टरात ठेवलं, प्लॅस्टरात राहिलं म्हणून हाड अजून अशक्त झालं, अशक्त म्हणून पुन्हा मोडलं, हा फेरा वाईट.

अशा तान्ह्या बाळाला उचलायचं कसं, हेही आईला शिकावं लागतं. काखेत हात घालून उचलायचं नाही. लंगोट बदलताना दोन्ही पाय घोट्याशी धरून वर करायचे नाहीत. एक तळवा ढुंगणाखाली सरकवायचा, दुसरा मान आणि खांद्यांखाली, बोटं पसरून, आणि भाकरी परातीतून उचलतो तसं अख्खं वर घ्यायचं. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेल लावून हातपाय ताणते, उजवा हात डाव्या पायाला लावते, ते या बाळाला चालणार नाही. आणि एवढी काळजी घेऊनही हाड मोडतंच. मग दवाखान्यातले लोक आई-बापाकडे संशयाने बघतात, ‘मारलंत का?’ म्हणून विचारतात. जगभर ओआयच्या पालकांच्या वाट्याला हे येतं.

हँडिकॅपच्या शर्यतीचं गाव

स्टेलाचा जन्म २४ फेब्रुवारी १९८२चा, गाव स्टॉवेल. मेलबर्नपासून सव्वादोनशे-एक किलोमीटरवरचं, सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं. वडील खाटीक, आईचं केशकर्तनालय. स्टेला थोरली, पाठीवर दोन बहिणी. ती सांगायची, माझं बालपण अगदी चारचौघांसारखं गेलं: शाळेत जायचे, मैत्रिणींबरोबर हिंडायचे, बहिणींशी भांडायचे, शाळा सुटल्यावर आईच्या दुकानात हातभार लावायचे.

स्टॉवेल ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध आहे ते एका धावण्याच्या शर्यतीसाठी. १८७८पासून ईस्टरला तिथे ‘स्टॉवेल गिफ्ट’ भरते. गवतावरची, किंचित चढाची, १२० मीटरची शर्यत, आणि तिची गोम अशी की ती ‘हँडिकॅप’ शर्यत आहे. सगळे एका रेषेवरून पळत नाहीत. ज्याचा वेग कमी त्याला काही मीटर पुढून सुरुवात करू देतात, सर्वांत वेगवान गडी सगळ्यात मागून सुटतो. हिशेब असा की सगळे जवळपास एकाच वेळी फितीपाशी यावेत. प्रत्येकाची सुरुवातीची रेषा निराळी हवी, हे त्या गावाला स्टेलाच्या जन्माआधी शंभर वर्षं ठाऊक होतं. मात्र मुख्य रस्त्यावरच्या दुकानात शिरायचं तर उंबरा सगळ्यांना सारखाच.

चौदाव्या वर्षी स्टेलाने काय केलं, तर त्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांची पाहणी केली. कोणत्या दुकानात व्हीलचेअर जाते, कोणत्या नाही. ऑस्ट्रेलियात अपंगांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा १९९२ सालीच झाला होता. कायदा पुस्तकात, पायरी दारात, आणि मध्ये एक शाळकरी पोरगी.

पंधराव्या वर्षी गावातलं कुणीतरी तिच्या घरी आलं. म्हणालं, तुमच्या मुलीचं नाव सामाजिक कर्तृत्वाच्या पुरस्कारासाठी सुचवायचं आहे. आई-वडील म्हणाले, फार छान, पण एक अडचण आहे, तिने अजून कर्तृत्व काहीच केलेलं नाही.

हा किस्सा ती भाषणात सांगायची तेव्हा लोक हसायचे. मला मात्र तो ऐकताना आपला सत्काराचा सोस आठवतो. स्टॉवेलच्या खाटकाला जे कळलं ते आपल्या आयोजकांना, आणि टाळ्या वाजवणाऱ्या मला, कळलं नव्हतं. अर्थात त्या दहावीच्या मुलीने गुण खरंच मिळवले होते, तिचा सत्कार योग्यच होता. पण टाळ्या गुणांना नव्हत्या. तिच्याहून जास्त गुणांच्या मुलाला तेवढ्या टाळ्या पडल्या नाहीत, हे मला चांगलं आठवतं. टाळ्या ती पायऱ्यांवरून अधांतरी गेली त्याच्या होत्या.

‘मॅडम, भाषण कधी?’

स्टेला पत्रकारिता शिकली, मग शिक्षकी पेशाची पदविका घेतली आणि मेलबर्नच्या एका शाळेत अकरावीच्या वर्गाला कायदा हा विषय शिकवू लागली. एकदा तास सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली होती. एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, मिस, तुमचं भाषण कधी सुरू होणार? कसलं भाषण, तिने विचारलं. तो म्हणाला, ते प्रेरणादायी वगैरे. व्हीलचेअरवरचे लोक शाळेत येतात तेव्हा तसलं काहीतरी बोलतात ना, बहुतेक मोठ्या हॉलमध्ये असतं ते.

मुलगा वाह्यात नव्हता. त्याने आयुष्यात व्हीलचेअरवरचा माणूस पाहिला होता तो फक्त व्यासपीठावर. शिक्षक, वकील, बँकेतला कारकून, दुकानदार म्हणून कधी पाहिलाच नव्हता. स्टेलाला आपलं म्हणणं कळलं ते बहुधा इथेच: आपण लोकांना माणूस म्हणून दिसत नाही, एक वस्तू म्हणून दिसतो, आणि त्या वस्तूचा उपयोग म्हणजे त्यांना बरं वाटणं.

या प्रकाराला तिने नाव दिलं ‘इन्स्पिरेशन पॉर्न’. २०१२ साली, ऑस्ट्रेलियाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या ‘रॅम्प अप’ या ऑनलाइन नियतकालिकात. ती त्याची संपादक होती. शब्द मुद्दाम बोचरा निवडलेला आहे, मराठीत त्याचं सोवळं भाषांतर करू नये. तिचा युक्तिवाद असा: अश्लील चित्रात एका माणसाचं शरीर दुसऱ्याच्या सुखासाठी वस्तू म्हणून वापरतात. हात नसलेली मुलगी तोंडात पेन्सिल धरून चित्र काढतेय, कृत्रिम पायांवर मूल धावतंय, आणि खाली ‘तुमचं कारण काय?’ असली ओळ, हेही तेच. ते चित्र त्या मुलीसाठी नसतंच. ते धडधाकट माणसासाठी असतं, त्याने सोफ्यावर बसून म्हणावं, माझं आयुष्य वाईट आहे खरं, पण निदान माझं हिच्यासारखं तरी नाही. आणि समजा आपणच ‘हिच्यासारखे’ असलो तर?

आपल्या फोनवरही हे रोज येतं. सकाळी सुप्रभातच्या फुलांपाठोपाठ. वर्तमानपत्रातले मथळे ठरलेले आहेत: ‘अपंगत्वावर मात करून’, ‘नियतीलाही हरवले’. दिल्लीच्या झोपडपट्टीत वाढलेली उम्मुल खेर हीसुद्धा ओआय असलेली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६च्या परीक्षेत ती निवडली गेली, तेव्हा बातम्यांनी तिची हाडं किती वेळा मोडली आणि शस्त्रक्रिया किती झाल्या ते मोजून छापलं. बाकी उमेदवारांना मात्र अभ्यासाची पद्धत विचारली.

‘रॅम्प अप’च्या आधी मेलबर्नच्या सामुदायिक वाहिनीवर अपंगत्वाबद्दलचा एक कार्यक्रम स्टेलाने आठ पर्व चालवला होता. संग्रहालयातही काम केलं, सरकारी सल्लागार मंडळांवर बसली. ते सगळं इथे सांगत बसत नाही. पण ती विनोद करायची हे सांगायला हवं. एकटीने मंचावर बसून लोकांना हसवायची. २०१४च्या मेलबर्न विनोद महोत्सवातल्या तिच्या प्रयोगाच्या नावात ‘क्रिप’ हा शब्द होता. इंग्रजीतली ही जुनी शिवी, आपल्या ‘लंगड्या’सारखी. ती अपंगांनी आपणहून उचलून खिशात घातली, म्हणजे दुसऱ्याला फेकून मारता येत नाही. पदार्पणाचा पुरस्कारही त्या प्रयोगाला मिळाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये तिने ते भाषण केलं, जे आजवर लाखो लोकांनी पाहिलंय. ‘आयुष्यातलं एकमेव अपंगत्व म्हणजे वाईट दृष्टिकोन’ हे सुभाषित तिने तिथे चारचौघांत सोलून काढलं. तिचं म्हणणं, पायऱ्यांकडे बघून कितीही हसा, त्यांचा रॅम्प होत नाही. टीव्हीकडे बघून स्मित केलंत म्हणून बहिऱ्या माणसासाठी खाली अक्षरं उमटत नाहीत. पुस्तकाच्या दुकानात उभं राहून कितीही सकारात्मकता पसरवा, पुस्तकं ब्रेलमध्ये छापून येत नाहीत.

पायरी मोठी की हाड?

या विनोदामागे एक जुना, गंभीर विचार आहे. १९७०च्या दशकात ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका संघटनेने तो मांडला आणि १९८३मध्ये माइक ऑलिव्हर या अभ्यासकाने त्याला ‘सोशल मॉडेल’ हे नाव दिलं. तोवरची समजूत अशी, की अपंगत्व माणसाच्या शरीरात असतं, म्हणून शरीर दुरुस्त करा, नाही झालं तर दया करा. या लोकांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. शरीरातली उणीव ही एक. त्या उणिवेच्या माणसाला समाज जे अडथळे घालतो ते दुसरी. स्टेलाला चालता येत नाही, हे तिच्या हाडांमुळे. तिला मतदान केंद्रात शिरता येत नाही, ते हाडांमुळे नाही, दारातल्या पायऱ्यांमुळे. पायऱ्या कुणी तरी आराखड्यात काढल्या, कुणी तरी मंजूर केल्या.

चष्म्याचं उदाहरण घ्या. मला चष्म्याशिवाय बसची पाटी वाचता येत नाही. पण मला कुणी अपंग म्हणत नाही, चष्मा लावून ऑफिसला गेलो म्हणून माझा सत्कार करत नाही. कारण चष्मा गल्लोगल्ली मिळतो आणि जग तो गृहीत धरतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा विचार वाचून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: म्हणजे अपंगत्व हा सगळा समाजाचाच दोष. तसं नाही. मध्यरात्री बरगडी मोडली तर ती कुठल्याही आराखड्यामुळे मोडलेली नसते. सगळ्या जगाला रॅम्प बसवले तरी ते दुखणं राहणारच. स्वतः अपंग असलेल्या अभ्यासकांनीही या विचारावर हाच आक्षेप घेतला आहे, आणि माझ्या मते तो बरोबर आहे. पण स्टेलाच्या बाबतीत तो गैरलागू ठरतो, कारण दुखणं नाही असं तिने कधी म्हटलंच नाही. तिचं म्हणणं एवढंच, की माझ्या शरीरापेक्षा हे जग मला जास्त अपंग करतं.

म्हणूनच ती स्वतःला ‘डिसेबल्ड’ म्हणायची, आग्रहाने. ‘अपंगत्व असलेली व्यक्ती’ हा सौम्य प्रयोग तिला नको होता. तिच्या वाचनात तो शब्द म्हणजे एक क्रिया होती, कुणी तरी कुणावर तरी केलेली. मराठीत ही सोय नाही. अपंग, विकलांग, दिव्यांग, सगळ्या शब्दांत अंगच आहे. कर्ता कुठेच नाही. तिच्या अर्थाच्या सगळ्यात जवळ जाणारा मराठी शब्द मला वाटतं ‘अडवलेली’ हा असेल.

‘दिव्यांग’ची गोष्ट आणखी मजेशीर. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तो शब्द सुचवला आणि वर्षभरात कागदोपत्री रुळला. महाराष्ट्राने २०२२च्या डिसेंबरमध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. अपंगांच्या काही संघटनांनी या शब्दाला तेव्हाच विरोध केला होता: आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला देवत्व नको, लिफ्ट द्या. स्टेला तोवर गेली होती, पण हे वाक्य तिच्या तोंडी सहज शोभलं असतं.

कायद्याच्या बाबतीत आपण कागदावर मागे नाही. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. ओआयचं त्यात वेगळं नाव नाही, प्रमाणपत्र सहसा ‘अस्थिव्यंग’ म्हणून मिळतं. जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांतल्या अपंगांच्या चित्रणाबद्दल निकाल दिला. अपंगांवर हसणारा विनोद आणि अपंगत्व समजून घेणारा विनोद यांत तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी फरक केला. अपंग माणूस म्हणजे अचाट शक्तीचा, या समजुतीवरही बोट ठेवलं. याचिका करणारे निपुण मल्होत्रा यांना सांध्यांचा दुर्मीळ विकार आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: इमारती अपंगांना वापरण्याजोग्या असण्याचे नियम नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ही दुसरी याचिका २००५ची होती. एकोणीस वर्षं लागली.

चिमटा

स्टेलाच्या भाषणातला माझा आवडता भाग शेवटाकडे येतो. ती म्हणते, मीही इतर अपंग लोकांकडून सतत शिकते. पण ‘आपण यांच्यापेक्षा नशीबवान’ हे नाही शिकत. मी शिकते की खाली पडलेली वस्तू उचलायला बार्बेक्यूचा लांब चिमटा झकास असतो. मी शिकते की व्हीलचेअरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करता येतो.

म्हणजे अपंग माणसाकडून शिकण्यासारखं असतं ते हुन्नर, नुसतं धैर्य नव्हे. सगळं जग उभ्या, चालत्या, दोन हातांच्या माणसाच्या मापाने शिवलेलं असताना त्यात स्वतःला बसवायच्या शेकडो युक्त्या. ओआय असलेल्या मुलाच्या घरी कधी गेलात तर बघा. मूल स्वतःच सांगतं, मला इथून धरा, इथून नको. चार वर्षांचं पोर मोठ्या माणसाला स्वतःचं शरीर हाताळायला शिकवत असतं, शांतपणे, गॅसवाल्याने सिलिंडर कसा लावायचा ते सांगावं तसं.

भाषणाच्याच वर्षी, २०१४च्या जूनमध्ये, ‘रॅम्प अप’चा सरकारी निधी संपला आणि ते बंद पडलं. स्टेलाने त्या सुमारास ऐंशी वर्षांच्या स्वतःला उद्देशून एक पत्र लिहिलं होतं. तुझ्यापर्यंत पोहोचेपर्यंत जमेल तितक्या वेळा ‘हो’ म्हणीन, धोके पत्करीन, भरपूर मजा करीन, असं त्यात वचन होतं. ६ डिसेंबर २०१४ला ती मेलबर्नमध्ये अचानक गेली. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली असावी, असा कयास होता. आज स्टॉवेलमध्ये, तिने ज्या गावात दुकानांचे उंबरे मोजले तिथे, तिचा कांस्य पुतळा आहे.

पुतळ्यांबद्दल तिला काय वाटलं असतं कोण जाणे. आई-वडिलांना विचारायला हवं. या वेळी मात्र त्यांना ‘तिने काही केलेलं नाही’ असं म्हणता आलं नसतं.

मागच्या वर्षी त्याच सभागृहात एका लग्नाला गेलो होतो. व्यासपीठाला आता रॅम्प झालाय, मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या दाराला लागून. बरोबर एक वयस्क आजी होत्या, व्हीलचेअरवर, नवरीची सख्खी आत्या. आम्ही त्यांना मागे नेलं. रॅम्पवर केटररने भाताची दोन मोठी पातेली आणि खुर्च्यांची चळत रचून ठेवली होती. मी हलवायला लागलो तसा वाढपी धावत आला, म्हणाला, “साहेब, कशाला त्रास घेताय? आजींना उचलून नेतो की आम्ही चौघं.” आजींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मला नको उचलू. पातेली उचल.”